ओगलेवाडीतलं जुनं घर: आधी सह्या मोजा, मग खोल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरीत नोकरी केलेलं, मूळचं खटाव तालुक्यातलं एक जोडपं पुढच्या वर्षी निवृत्तीनंतर कराडच्या आसपास राहायला येऊ पाहतंय. ओगलेवाडीत स्टेशनच्या बाजूला त्यांना एक जुनं कौलारू घर दाखवलं गेलं. जागा साधारण ९०० चौरस फूट, त्यात बांधकाम ४२० : सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. मागणी १४ लाखांची. घर काचकारखान्यातल्या एका कामगारानं बांधलेलं. ते आता हयात नाहीत, मृत्युपत्रही केलेलं नाही. त्यांच्या पत्नी त्याच घरात राहतात. दोन मुलगे, एक मुलगी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर थोरल्याचं नाव आहे. धाकटा गुजरातेत असतो, त्यानं नोटरीपुढं केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवलंय. मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली, तिचा आता संबंध नाही असं मध्यस्थाचं म्हणणं. विसार म्हणून आठ दिवसांत दोन लाख रोख मागितलेत. घर घ्यावं का, आणि काय काय बघावं?

बँका आणि पतसंस्थांसाठी घरांचं मूल्यांकन करणं हा माझा व्यवसाय. कराड, पाटण, कडेगाव, पलूस या पट्ट्यातली अशी शेकडो घरं आतून-बाहेरून बघितली आहेत. माझं मत असं, की हे घर घेण्यासारखं निघू शकतं. पण आठ दिवसांत, रोखीनं आणि आज हातात असलेल्या कागदांवर ते घेऊ नका.

किमतीपासून सुरुवात करू, कारण पुण्याच्या भावांची सवय झालेल्या माणसाला १४ लाखांचं घर फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. ओगलेवाडी हे कारखान्यानं वसवलेलं गाव. ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ चा. इथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी टांगलेला होता. कारखान्याचा भोंगा वाजत होता तोवर इथं खोली रिकामी राहत नव्हती. कारखाना बंद पडला आणि ती मागणी गेली. तिकडं पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी १९१० ची आहे, म्हणजे आणखी जुनी, पण तिथला कारखाना आजही चालू आहे. म्हणून तिथल्या घराचं भाडं कारखान्याच्या पगाराला बांधलेलं राहिलं. ओगलेवाडीतल्या घराची किंमत आता कराड ठरवतं. कृष्णेच्या या बाजूला विद्यानगर-सैदापुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, त्याच्या आजूबाजूला कॉलेजं आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या वाढल्या. कराडचं रेल्वे स्टेशन तर ओगलेवाडीतच आहे. त्यामुळं गाव ओस पडलेलं नाही, पण भाव चढायला लागणारा जोर विद्यानगरच्या बाजूला जास्त आहे. तुम्ही राहायला घेताय ना, मग हरकत नाही. पाच वर्षांनी दुप्पट होईल अशा हिशेबानं घेत असाल तर हे घर तुमच्यासाठी नाही.

आता हिशेब मांडू. दगड-मातीच्या अशा बांधकामाचं आयुष्य मूल्यांकनात साधारण साठ वर्षं धरतात, आणि ते संपत आलं की बांधकामाची किंमत दहा टक्के उरते. आज ४२० चौरस फूट साधं बांधकाम करायला फुटाला १,६०० रुपये धरले तर ६ लाख ७२ हजार होतात. त्याचे दहा टक्के म्हणजे ६७ हजार. चौदा लाखांतून ते वजा केले की उरलेले १३ लाख ३३ हजार तुम्ही जमिनीचे देताय, म्हणजे फुटाला जवळपास १,४८० रुपये. प्रश्न एवढाच, की त्या गल्लीत जमिनीचा भाव तेवढा आहे का. मध्यस्थ सांगेल तो भाव धरू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच गावाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या दस्तांच्या सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचे गोषवारे, काढता येतात. त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि शासनाचं बाजारमूल्य तिन्ही दिसतं. मोबदल्याचा आकडा बरेच लोक कमी लिहितात, म्हणून चार-सहा दस्त शेजारी ठेवून बघा. समजा दर १,२०० च्या आसपास निघाला, तर जमीन १० लाख ८० हजार आणि बांधकाम मिळून साडेअकरा लाख झाले. बोलणी तिथून सुरू करा. बोलताना घराला नावं ठेवू नका. ते कुणाच्या तरी वडिलांनी भट्टीच्या धगीत राबून बांधलेलं आहे. कागदावर हिशेब मांडून दाखवला की माणसं ऐकतात.

एवढं झाल्यावर खरा विषय. या व्यवहाराचा जीव सह्यांमध्ये आहे.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतली असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणं पत्नी, दोन्ही मुलगे आणि मुलगी असे चौघं सारखे वारस. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. वडील वारले तेव्हा त्यांची आई हयात असेल तर तीही पाचवी वारस होते, हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला असं सगळीकडं बोललं जातं, ते अर्धवट आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासूनच होता. राहत्या घराची वाटणी मागायला तिला कलम २३ आडवं येत होतं, ते २००५ मध्ये काढून टाकलं. जागा वडिलोपार्जित असेल तर मुलगी जन्मापासूनच सहहिस्सेदार, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मुंबईच्या ताईंचा संबंध आहे. चौदा लाखांत साडेतीन लाख त्यांचे आहेत.

मध्यस्थाला हे सांगितलं की तो म्हणेल, बहिणीचं हक्कसोडपत्र आणून देतो. शंभराच्या मुद्रांकावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं एखादं जुनं हक्कसोडपत्र ट्रंकेतून बाहेरही येईल. ते नोंदणीकृत नसेल तर उपयोगाचं नाही. नोंदणीकृत असेल तर कायद्यानं चालेल. तरीही माझा आग्रह वेगळा आहे. ताईंना खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विक्रेत्या, म्हणून घ्या, बाकीच्या तिघांच्या बरोबरीनं, आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्याच बँक खात्यात जमा करा. बहिणी भावाच्या शब्दाखातर हक्क सोडतात, माहेर तुटू नये म्हणून सोडतात. त्यांना स्वतःहून भावांना पैसे द्यायचे असतील तर पैसे हातात आल्यावर त्या देतील. तुमच्या खरेदीचा पाया मात्र त्या गप्प राहण्यावर उभा राहू नये. यात न्याय आहे आणि तुमचा बचावही आहे. ज्या बाईला तिचा वाटा चेकनं मिळालाय आणि जिनं दुय्यम निबंधकांपुढं अंगठा आणि फोटो दिलाय, ती किंवा तिची मुलं दहा वर्षांनी दावा घेऊन येत नाहीत.

धाकट्या भावाचं नोटरीचं कुलमुखत्यारपत्र घेऊन दस्ताला बसू नका. विक्रीचा अधिकार देणारा कागद दुय्यम निबंधकांकडं नोंदवलेला हवा, तो देणारा माणूस दस्ताच्या दिवशी हयात असायला हवा आणि त्यानं तो रद्द केलेला नसावा. गुजरातेतून कराड एका रात्रीचा प्रवास आहे. त्याला स्वतःला यायला सांगा, भाडं तुम्ही द्या. येणं अशक्यच असेल तर त्यानं तिथल्या निबंधकांपुढं कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं, आणि दस्ताच्या आदल्या दिवशी तुम्ही त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला.

आईंचं काय, हे कुणीच विचारलेलं नाही. त्या घरात त्या राहतात. त्यांचा चौथा हिस्सा आहे. तुमच्या पत्नीनं एकदा मुलं नसताना त्यांच्याकडं जावं, चहा घ्यावा आणि सरळ विचारावं, आई, तुम्हाला घर विकायचंय का, आणि विकल्यावर तुम्ही कुठं राहणार. उत्तरात जरा जरी अडखळणं जाणवलं तरी थांबा. म्हाताऱ्या बाईला उठवून घेतलेल्या घराचा ताबा कागदावर मिळतो, प्रत्यक्षात मिळत नाही. आणि मिळाला तरी त्या शेजारात तुम्हाला पुढची वीस वर्षं राहायचंय. त्या राजी असतील, थोरल्याकडं किंवा ताईंकडं जाणार असतील, तर दस्तात ताब्याची तारीख घाला आणि शेवटचा हप्ता त्या दिवसाला बांधा. एखाद्या खोलीत भाडेकरू असेल तर तेही आत्ताच कळू द्या. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो घराबरोबर तुमच्याकडं येतो.

नमुना ८ बद्दल. हा कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची हे ग्रामपंचायतीला कळावं म्हणून ठेवलेला. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं समजून आपल्या भागात रोज व्यवहार होतात. उतारा हातात घेतला की आधी दोन रकाने बघा : मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव. दोन्हीकडं एकच नाव असेल तर ठीक. मालकाच्या रकान्यात सरकार, एखादी कंपनी किंवा भलतंच आडनाव असेल आणि तुमच्या विक्रेत्याचं नाव फक्त भोगवट्यात असेल, तर तो जागा विकूच शकत नाही. मग खाली जमिनीचा नंबर बघा. गावठाणातली जागा असेल आणि सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका निघते. जिथं झाला नव्हता, तिथल्या गावठाणांची २०२० नंतर स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी सुरू झाली. मिळकत पत्रिकेवर सत्ता प्रकार, म्हणजे जागा कुठल्या हक्कानं धारण केली आहे ते, लिहिलेला असतो, तो वकिलाकडून नीट वाचून घ्या. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा मागा, आणि त्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ हे बघा. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विक्री होत नाही. साताऱ्यात देवस्थान इनामाच्या जमिनी जागोजागी आहेत. त्यावरची घरं पिढ्यानपिढ्या उभी असतात आणि तरीही विकता येत नाहीत. गायरानावर बांधलेल्या घराचंही तसंच. सातबाऱ्यावरच्या गुंठा-दीड गुंठ्याला तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला असलेली कायद्याची मनाई, आडवी येते. २०२५ मध्ये शासनानं यात सवलत आणली आहे, पण ती तुमच्या गटाला लागू पडते का हे दस्त करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

कारखान्याच्या गावात एक जास्तीचा प्रश्न विचारायचा असतो, आणि हे मी कुठल्या एका कारखान्याबद्दल म्हणत नाही. ही जागा कामगारानं विकत घेतली होती, की कारखान्यानं राहायला दिली होती? क्वार्टर म्हणून दिलेली खोली, भाडेपट्ट्यानं दिलेला प्लॉट आणि खरेदी केलेली जागा, पन्नास वर्षांनी तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. तिन्हींवर घरपट्टीची पावती घरातल्याच माणसाच्या नावानं फाटते. सरकारनं जुन्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी संपादन केलेली जमीन असेल, तर ती पुढं विकायला शासनाची पूर्वपरवानगी लागते. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे कायद्यानं गुंडाळायला काढली असेल तर तिच्या मालमत्तेवर बँका आणि कामगारांची देणी आधी येतात. म्हणून वडिलांच्या नावचं मूळ खरेदीखत मागा. झेरॉक्स चालणार नाही. अस्सल कागद घरात नसेल तर तो कुठं आहे याचं उत्तर मिळेपर्यंत एक रुपया देऊ नका. आपल्याकडं मूळ दस्त पतसंस्थेत ठेवून कर्ज काढायची पद्धत जुनी आहे. अशा गहाणाची सूचना नोंदवणं २०१३ पासून बंधनकारक झालंय, पण त्याआधीचं गहाण सर्चमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींच्या तपासणीत, दिसत नाही. अस्सल दस्ताचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

सर्च तीस वर्षांचा घ्या, शक्य तर वडिलांच्या खरेदीपर्यंत मागं जा. जुन्या कागदांवर जिल्ह्याचं नाव उत्तर सातारा दिसलं तर बिचकू नका. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले होते, आणि दक्षिण साताऱ्याचं १९६० मध्ये सांगली झालं. त्याही आधी या भागातली काही गावं औंध संस्थानात होती. संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. एखाद्या जागेचा मूळ कागद संस्थानी काळातला, मोडीतला निघाला तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. तुमच्या वकिलानं तो न वाचता बाजूला ठेवू नये.

दस्तातल्या चतुःसीमा वाचा आणि तो कागद हातात धरून घराभोवती फिरा. पूर्वेला अमुक यांचं घर, दक्षिणेला बोळ, असं लिहिलेलं असेल. अमुक वारले, त्यांच्या नातवानं बोळात जिना काढला, असं प्रत्यक्षात दिसेल. ९०० फुटांत दोन फुटांचा बोळ गेला तर परड्याची वाट गेली. भूमी अभिलेखकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज विक्रेत्याच्या नावानं करायला लावा, शुल्क तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर हवेत.

शेजाऱ्यांवरून भिंतीकडं येतो. अशा गल्ल्यांत दोन घरांमध्ये एकच भिंत असते. तिला सामाईक भिंत म्हणून दस्तात उल्लेख आहे का बघा. नसेल तर शेजाऱ्याशी लेखी ठरवून घ्या, कारण उद्या तुम्हाला तुमची बाजू उतरवून बांधायची झाली तर त्याचे वासेही त्याच भिंतीवर टेकलेले असणार. पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं तेही विचारा. वीस वर्षांहून जास्त काळ बिनतक्रार पडत असेल तर तो वहिवाटीचा हक्क होतो, तुमच्या बाजूनं किंवा तुमच्या विरुद्ध.

आता भिंत नीट बघू. ओळंबा घेऊन जा. मागच्या, पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करा, कारण पावसाचा मारा तिकडून असतो. वरून ओळंबा सोडून खाली भिंतीपासून किती अंतर राहतं ते मोजा, मग मधल्या उंचीवर मोजा. मधे अंतर कमी झालं तर भिंतीला पोट आलंय. दगड-मातीची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. आतला आणि बाहेरचा दर्शनी थर, मधे छोटे दगड आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातले नसतील तर पाणी मुरत गेलं की थर एकमेकांपासून सुटतात. पोट आलेल्या ठिकाणी बोटाच्या पेरानं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. भूकंपात पहिल्यांदा हीच भिंत बाहेर पडते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात आणि १९९३ मध्ये किल्लारीला माणसं मेली ती बहुतेक अशाच भिंतींखाली. कोयना कराडपासून लांब नाही. तुमचं घर भूकंपानंतर बांधलंय असं कुणी सांगितलं तर ते ऐकून सोडून द्या आणि दोन भिंती मिळतात तो कोपरा बघा. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग असेल आणि वर रुंद, खाली बारीक होत असेल, तर भिंती एकमेकींना सोडून चालल्यात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी केसासारखी भेग असेल तर तेवढी काळजी नको. भेगेवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि दोन महिन्यांनी पुन्हा जा. रेघ तुटलेली असेल तर घर अजून हलतंय. सदाशिवगडाच्या बाजूला मुरूम लवकर लागतो. सखल भागात काळी माती असेल तर पाया पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात बसतो. म्हणून एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात बघितल्याशिवाय पायाबद्दल मत देता येत नाही. त्यासाठीही आठ दिवसांची घाई नको.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग सोललेला, पांढरी भुकटी सुटलेली दिसेल. लोणा लागलाय. अनेकांनी मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केलेला असतो, त्यामुळं ओल आतच कोंडते आणि लोणा वर चढत जातो. तो गिलावा उतरवून चुन्याचा करावा लागेल. विक्रेत्यानं घर दाखवायच्या आधी नवा डिस्टेंपर मारला असेल तर वास येतो, तेव्हा पाटाखाली, कपाटामागं आणि न्हाणीच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बघा.

छपरासाठी दुपारी जा. दारं-खिडक्या लावून घ्या आणि आत अंधारात उभे राहून वर बघा. जिथून ऊन आत येतं तिथून पाऊसही येतो. फुटकी कौलं ही मोठी गोष्ट नाही. वासे बघा, आणि वाशाचं टोक भिंतीत शिरतं तिथंच बघा. स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि तो लोण्यात शिरावा तसा आत गेला तर वाळवीनं आतून खाल्लंय. सागवानी तुळई असेल तर ती बहुतेक वेळा शाबूत निघते, बाभळीचे वासे गेलेले असतात. मला विचाराल तर वासे-रीपा बदलणं, पश्चिमेची भिंत गरज असेल तर उतरवून बांधणं, नवं वायरिंग आणि न्हाणी-संडास, एवढ्याला साडेतीन-चार लाख बाजूला काढून ठेवा. हा आकडा किमतीच्या बोलण्यात धरायचाय, घर घेऊन झाल्यावर नाही.

बाहेरच्या दोन-तीन गोष्टी पटकन. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं झालं तर रेल्वेची ना-हरकत लागते, आणि स्टेशनजवळच्या घराला हे लागू पडू शकतं. दुरुस्ती करून राहणार असाल तर अडचण कमी, पाडून बांधायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. घर कराड-विटा रस्त्याला लागून असेल तर रुंदीकरणाची हद्द कुठवर आहे ते सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्गाच्या कार्यालयातून कळतं. कृष्णेच्या अंगाला असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाची. २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या घरांत विचारा.

पैशांचं. दोन लाख रोख देऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. म्हणजे रोख मागणारा मध्यस्थ विक्रेत्यालाही खड्ड्यात घालतोय. २५ हजारांचा चेक द्या, विसारपावतीवर चारही वारसांची सही घ्या, आणि त्यात लिहा की कुणी एकानं दस्ताला नकार दिला किंवा मालकी स्वच्छ निघाली नाही तर रक्कम परत. चौघांच्या सह्या विसारपावतीवरच जमत नसतील तर खरेदीखतावर जमणार नाहीत, आणि हे दोन लाखांऐवजी पंचवीस हजारांत कळलेलं बरं. सातारा-कराडकडं खप असलेल्या दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबा.

खर्चात मुद्रांक शुल्क धरा. महाराष्ट्रात त्याचा दर ठिकाणाप्रमाणं बदलतो, आणि ते मोबदला किंवा शासकीय बाजारमूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर पडतं. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. घर फक्त पत्नीच्या नावे घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. तुमच्या वयाच्या जोडप्यानं हे सवलतीसाठी नाही तरी करावं असं मला वाटतं. तुमच्यामागं त्यांना या आईंसारखं दुसऱ्यांच्या सह्यांकडं बघत बसावं लागणार नाही. कर्ज काढायचा विचार असेल तर नुसत्या नमुना ८ वर राष्ट्रीयीकृत बँका सहसा उभं करत नाहीत. पतसंस्था देतात, पण व्याज जास्त. निवृत्तीच्या पैशातून घेत असाल तर दुरुस्तीचे चार लाख बाजूला ठेवून उरतील त्यातच घर बसवा.

दस्त झाल्यावर सूची दोनची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लावायचा अर्ज द्या, मासिक सभेत मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेखकडं फेरफार. महावितरण आणि नळपाणी दोन्हीची थकबाकी दस्ताच्या आधीच विक्रेत्याकडून भरून घ्या.

आत्तापासून चौकशीला लागलात आणि ताईंशी, धाकट्याशी बोलणं सुरळीत झालं, तर दिवाळीच्या आसपास दस्त होऊ शकेल. मग छपराचं काम मार्चमध्ये काढा. रोहिणीच्या आत कौलं पुन्हा चढायला हवीत. मे महिन्यात या भागात चांगला सुतार हाताला लागत नाही, सगळे एकाच वेळी छपरं शेकारायला निघालेले असतात, तेव्हा त्याला संक्रांतीलाच सांगून ठेवा.